अडकलात कुठे? तास कमी पडलेत

पत्र : "गेल्या वर्षी मी फ्रेंचच्या डेल्फ या परीक्षेची ए२ पायरी पास झाले. ऐकणं ९, वाचन २१, लेखन १९, बोलणं १३, म्हणजे १०० पैकी ६२. त्यानंतर आठ महिने आठवड्याला तीन तासांचा बी१चा वर्ग करते आहे. व्याकरण कळतं, धड्याखालचे प्रश्न सुटतात. पण फ्रेंच माणूस बोलायला लागला की सगळं डोक्यावरून जातं, आणि माझ्यावर बोलायची वेळ आली की वाक्य अर्ध्यावर राहतं. मोबाइलवरचं ॲप मात्र मी बी२ला पोचले असं सांगतं! वर्षभरात बी२ची परीक्षा द्यायची आहे. ए२ पुन्हा करू का? की बी१ची परीक्षा सोडून थेट बी२ला बसू? आणि मी अशी अडकले का?" – एक वाचक

उत्तर : आधी हिशेब मांडू. तुमच्या निम्म्या काळजीचं उत्तर त्यातच आहे.

फ्रेंचच्या वर्गांसाठी साधारणपणे तास धरतात ते असे : ए१ला, म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीला, ६० ते १००, ए२ संपेपर्यंत १६० ते २००, बी१ संपेपर्यंत ३६० ते ४०० आणि बी२ संपेपर्यंत ५६० ते ६५०. हे आकडे पहिल्या दिवसापासूनची बेरीज आहेत, एकेका पायरीचे सुटे नव्हेत. ए१ आणि ए२ला मिळून जेवढे तास लागतात तेवढे एकट्या बी१ला लागतात, आणि बी२ला त्याहून थोडे जास्तच. तुमचे आठ महिने म्हणजे ३५ आठवडे. तीन तासांनी गुणलं तर १०५ तास, तेही एकही वर्ग बुडाला नाही असं धरून. बी१चे साधारण २०० तास धरले तर तुम्ही निम्म्या वाटेवर आहात. ए१ तीन-चार महिन्यांत झालं असेल, म्हणून बी१ही तसंच होईल असं वाटत राहतं आणि झालं नाही की आपण अडकलो असा समज होतो. पायऱ्या दिसायला सारख्या असल्या तरी वरची प्रत्येक पायरी खालचीपेक्षा उंच आहे.

म्हणून ए२ पुन्हा करू नका. तुमच्याकडे ए२चं ज्ञान कमी नाही, ते चार कौशल्यांत वाकडंतिकडं वाटलं गेलंय.

तुमचे गुण पुन्हा बघा. डेल्फमध्ये चार भाग, प्रत्येकी २५ गुणांचे. पास व्हायला एकूण ५० हवेत आणि कुठल्याही एका भागात ५च्या खाली जाऊन चालत नाही. म्हणजे ऐकण्यात ९ मिळवूनही माणूस आरामात पास होतो, कारण वाचन आणि लेखन त्याला उचलून धरतात. प्रमाणपत्रावर ए२ लिहिलेलं असतं, पण कान अजून त्याच्या खाली असतो. त्या कानाने तुम्ही बी१च्या वर्गात जाऊन बसलात. तिथे शिक्षक सावकाश बोलतात, पुस्तक समोर उघडं असतं, प्रश्न आधी वाचलेले असतात, त्यामुळे वर्गात हे उघड होत नाही. बाहेरचा फ्रेंच माणूस यातली एकही सवलत देत नाही.

ए१ ते सी२ या सहा पायऱ्या युरोप परिषदेने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या चौकटीतल्या. ती चौकट केवळ फ्रेंचसाठी नाही, आणि तिच्यात व्याकरणाचा अभ्यासक्रमही नाही. त्या भाषेत माणूस काय करू शकतो, एवढंच ती सांगते. बी१चा माणूस ओळखीच्या विषयात निभावून नेतो : प्रवासात अडचण आली तर वाट काढतो, घडलेली गोष्ट सांगतो, मत देतो आणि त्याचं कारण दोन वाक्यांत सांगतो. बी२चा माणूस ते मत लढवतो, आणि त्याच्याशी बोलताना समोरच्याला मुद्दाम सावकाश बोलावं लागत नाही. स्युबजोंक्तीफचा (इच्छा, शंका, अट सांगताना येणाऱ्या क्रियापदाच्या रूपाचा) धडा झाला म्हणून कोणी बी१ होत नाही. ॲपचं म्हणाल तर ते बहुतेक वेळ तुमच्यापुढे चार पर्याय ठेवतं आणि स्वच्छ, सुट्या उच्चारातली वाक्यं ऐकवतं. योग्य उत्तर ओळखता येणं आणि तोंडातून वाक्य निघणं यांत बरंच अंतर असतं. ॲप ठेवा, शब्द घोटायला बरं आहे, पण त्याचा निकाल मनावर घेऊ नका.

आता कानाकडे येऊ, कारण तुमचं निम्मं काम तिथेच आहे.

फ्रेंच ऐकताना शब्द वेगळे ऐकू येत नाहीत. याचं कारण भाषेच्या घडणीत आहे. शब्दाच्या शेवटचं व्यंजन बहुधा उच्चारलं जात नाही, पण पुढचा शब्द स्वराने सुरू झाला की बऱ्याचदा तेच व्यंजन जागं होऊन पुढच्या शब्दाला चिकटतं. आघात एकेका शब्दावर पडत नाही, शब्दांच्या गटाच्या शेवटी पडतो. त्यामुळे 'ले' आणि 'आमी' (मिळून 'मित्र') हे दोन शब्द तुम्हाला माहीत असतात, पण कानावर 'लेझामी' पडतं आणि मेंदू झामी नावाचा शब्द शोधत बसतो. तेवढ्यात पुढची दोन वाक्यं निघून जातात. 'इल झों' म्हणजे त्यांच्याकडे आहे, 'इल सों' म्हणजे ते आहेत; फरक फक्त मधल्या एका व्यंजनाचा. शिवाय बोलताना नकारातला 'न' गळतो आणि शब्द आखडतात : 'ज न से पा' (मला माहीत नाही) प्रत्यक्षात 'शे पा' होतं, 'त्यू ए'चं (तू आहेस) 'ते' होतं, 'इल इ आ'चं (तिथे आहे) नुसतं 'या' उरतं. सगळ्यात फसवं उदाहरण : 'याँनाप्ल्यू' ऐकलं तर 'आता उरलेलं नाही', आणि शेवटचा एस उच्चारून 'याँनाप्ल्यूस' ऐकलं तर 'आणखी आहे'. पुस्तकात हे पाच-सहा सुटे शब्द म्हणून छापलेलं असतं आणि 'न'ही जागेवर असतो, म्हणून वाचताना कुणी चुकत नाही.

यावर उपाय एकच, आणि तो थोडा कंटाळवाणा आहे : छोटा तुकडा घेऊन श्रुतलेखन. भरपूर ऐकत राहिलं की आपोआप जमेल, असं सांगणारे खूप भेटतील. भरपूर ऐकण्याचा उपयोग आहे, पण जो आवाज तुम्हाला मुळात तोडता येत नाही तो शंभरदा ऐकला तरी तसाच बंद राहतो. फ्रेंच मालिका खाली फ्रेंच अक्षरं लावून बघणं हेही बहुतांशी वाचनच. तुमचं वाचन आधीच चांगलं असल्यामुळे डोळा कानाला काम करूच देत नाही.

लिखित मजकूर सोबत मिळेल अशी दीड मिनिटाची ध्वनिफीत घ्या. आरएफआय या फ्रेंच रेडिओचं सोप्या फ्रेंचमधलं दहा मिनिटांचं बातमीपत्र किंवा टीव्ही५मोंद या फ्रेंच वाहिनीचे पायरीनुसार लावलेले फुकट स्वाध्याय यासाठी पुरेसे आहेत. पहिल्यांदा मजकूर न बघता दोनदा सलग ऐका आणि कोण, कुठे, काय झालं हे दोन ओळींत लिहा, मराठीत लिहिलं तरी चालेल. मग त्यातले फक्त वीस-पंचवीस सेकंद घ्या आणि एकेक वाक्य थांबवत लिहून काढा. एक वाक्य सहा वेळांपेक्षा जास्त ऐकायचं नाही. नाही कळलं तिथे रेघ ओढा आणि पुढे जा. नंतर मजकूर उघडा आणि प्रत्येक चुकीवर खूण करा. शब्दच माहीत नव्हता तर 'श'. शब्द माहीत होता पण ऐकताना ओळखला नाही तर 'क', म्हणजे कान. ऐकला बरोबर पण लिहिताना प्रत्यय किंवा शुद्धलेखन चुकलं तर 'ल'. शेवटी ज्या वाक्यांत 'क' आलेत तेवढीच वाक्यं आवाजाच्या पाठोपाठ, त्याच वेगात, पाच वेळा म्हणा. तोंडाने जोडून म्हणता आलं की कान तो जोड ओळखायला लागतो. दुसऱ्या दिवशी तोच तुकडा मजकुराशिवाय एकदा ऐकायचा. या सगळ्याला अर्धा तास लागतो. आठवड्यातून चारदा.

या खुणा निदान म्हणूनही वापरा. तीन आठवड्यांच्या खुणा मोजल्यात तर 'क' सगळ्यात जास्त निघेल असा आमचा अंदाज. निघाला तर याच पद्धतीने चालू ठेवा. 'श' जास्त निघाले तर ध्वनिफीत तुमच्यासाठी अवघड आहे. एक पायरी खालची घ्या, त्यात कमीपणा नाही. 'ल' जास्त निघाले तर तुमच्या कानाला काही झालेलं नाही आणि वर दिलेला सगळा उपदेश वाया गेला.

कानाच्या बाबतीत आणखी एक. मराठीत नसलेला एक स्वर आहे : जीभ 'ई'साठी ठेवायची आणि ओठ 'ऊ'साठी गोल करायचे. आपण तो 'ऊ' किंवा 'यू' करून टाकतो. परिणाम असा की 'दस्यू' म्हणजे वर आणि 'दसू' म्हणजे खाली हे दोन विरुद्धार्थी शब्द आपल्या तोंडात एकच होतात. रस्ता आणि चाक यांची हीच गत. अनुनासिकांचंही तसंच : 'व्हॅं' म्हणजे वाइन, 'व्हाँ' म्हणजे वारा, 'व्हों' म्हणजे ते जातात. अशा जोड्या आठवड्याला दहा मिनिटं स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित करा आणि दुसऱ्या दिवशी ऐकून कुठला शब्द म्हटला होतात ते सांगता येतं का बघा. (या उत्तरात उच्चार देवनागरीत दिलेत ते केवळ सोय म्हणून. तुमच्या वहीत असं लिहू नका. देवनागरीत लिहिलं की डोळ्याला मराठी स्वर दिसतो आणि तोंड तोच काढतं.)

वाक्य अर्ध्यावर अडतं याचं कारण बहुतेक वेळा शब्दांचा तुटवडा नसतं. तुम्ही मराठीत किंवा इंग्रजीत पूर्ण वाक्य रचता, ते फ्रेंचमध्ये न्यायला लागता आणि मध्येच एका शब्दाशी थांबता. इथे दोन गोष्टी करा. पहिली : शब्द नसेल तर वळसा घालायची वाक्यं पाठ करा. 'सेतॅं त्र्यूक की सेर आ...' म्हणजे 'अमुक करायला वापरतात ती वस्तू'. 'कोमाँ दीर...' म्हणजे 'कसं सांगू...', हे म्हणताना दोन सेकंद मिळतात आणि ते फ्रेंचमध्येच मिळतात. वळसा घालून बोलणं हे बी१च्या क्षमतांतच मोडतं, तिथे ती पळवाट मानत नाहीत. दुसरी : एक विषय घ्या, पाच मिनिटं मुद्दे काढा, वाक्यं लिहू नका. चार मिनिटं बोलून ध्वनिमुद्रित करा. तेच लगेच तीन मिनिटांत बोला, मग दोन मिनिटांत. तिसऱ्या खेपेला भाषांतराला वेळच उरत नाही, वाक्यं जोडून निघू लागतात. मग पहिलं ध्वनिमुद्रण ऐकून फक्त तीन चुका दुरुस्त करा. सगळ्या दुरुस्त करायला गेलात तर पुढच्या वेळी तोंड उघडायची भीती वाटेल.

व्याकरण कळतं म्हणता, ते खरं असेल. पण मराठी माणसाच्या फ्रेंचमध्ये काही छिद्रं हटकून असतात, आणि काही ठिकाणी मराठीचा चक्क फायदा होतो. तो फायदा बहुतेक जण घेत नाहीत, कारण फ्रेंच आपण इंग्रजीतून शिकतो.

पासे कोंपोझे की ॲंपार्फे, या फ्रेंचच्या दोन भूतकाळांतला गोंधळ घ्या. इंग्रजीतून विचार केला तर डोकं दुखतं. मराठीत 'गेले' आणि 'जात होते, जायचे' हा फरक आपण रोज करतो. 'गेले' म्हणजे पासे कोंपोझे, 'जायचे' म्हणजे ॲंपार्फे. बहुतेक वाक्यांत हे जुळतं. 'घर मोठं होतं', 'मला माहीत होतं' अशी स्थिती सांगणारी वाक्यंही ॲंपार्फेत जातात. जुळत नाही ते इथे : 'मी दोन वर्षं तिथे राहत होते.' मराठीत हे अपूर्ण दिसतं, पण फ्रेंचमध्ये 'दोन वर्षं' ही हद्द घातली की प्रसंग बंद होतो आणि पासे कोंपोझे लागतो : 'जे आबिते ला पाँदाँ द झाँ'. पाँदाँ ('इतका काळ') आणि मोजलेला काळ दिसला की थांबून बघा.

कृदंताचा मेळही तसाच. 'ती गेली' यात क्रियापद कर्त्याप्रमाणे, 'तिने चिठ्ठी लिहिली' यात कर्माप्रमाणे. फ्रेंचमध्येही 'एत्र' (असणं) हे सहायक क्रियापद घेणाऱ्या जाण्या-येण्याच्या क्रियापदांचं कृदंत कर्त्याशी जुळतं, आणि 'आव्हार' (जवळ असणं) घेणाऱ्यांचं कर्माशी, मात्र कर्म आधी आलं तरच. 'जे एक्री यून लेत्र', म्हणजे 'मी चिठ्ठी लिहिली', यात बदल नाही. 'ला लेत्र क जे एक्रीत', म्हणजे 'मी लिहिलेली चिठ्ठी', यात स्त्रीलिंग आलं आणि शेवटचा टी ऐकूही आला. 'लिहिलेली' म्हणताना आपण क्षणभरही विचार करत नाही, मग इथेच का करावा?

आता उलट बाजू. 'वेळ असेल तर येईन' यात मराठी दोन्हीकडे भविष्यकाळ वापरते, म्हणून आपण फ्रेंचमध्येही 'सी'नंतर भविष्यकाळ घालतो. तो चूक आहे. 'सी जे ल ताँ, ज व्हिॲंद्रे' : 'सी'नंतर वर्तमान, दुसऱ्या भागात भविष्य. 'वेळ असता तर आले असते' यातही मराठीत दोन्हीकडे 'अस'ची एकाच घाटाची रूपं, म्हणून आपण दोन्हीकडे कोंदिसिओनेल ('आले असते' अशा अर्थाचं रूप) लावतो. फ्रेंचमध्ये अशा 'सी'च्या बाजूला ॲंपार्फे किंवा त्याच्या मागचा काळ येतो, कोंदिसिओनेल फक्त दुसऱ्या बाजूला. परीक्षकाला ही चूक पहिल्या वाचनात दिसते.

लिंगाचं एक वाक्यात : शब्द नेहमी 'अं' (पुल्लिंगी 'एक') किंवा 'यून' (स्त्रीलिंगी 'एक') जोडून पाठ करा, कारण स्वरापुढे 'ल' आणि 'ला' दोन्ही गळतात आणि लिंग झाकलं जातं.

बी२च्या लेखनात मात्र वेगळंच दुखणं आहे आणि तुमचे १९ गुण तिथे टिकणार नाहीत, म्हणून आत्ताच सांगतो. ए२ला ६०-६० शब्दांचे दोन मजकूर असतात, बी१ला एक मजकूर १६० शब्दांचा, बी२ला एका तासात किमान २५० शब्द, आणि तिथे नुसतं मत चालत नाही, युक्तिवाद लागतो. समजा विषय आहे : गावातलं वाचनालय आता संध्याकाळी पाचला बंद होणार, रहिवाशांच्या वतीने नगराध्यक्षांना पत्र लिहा. बी१चा विद्यार्थी लिहितो : हे वाईट आहे कारण लोक पाचनंतर येतात, शिवाय मुलांना अभ्यासाला जागा नाही, शिवाय पुस्तकं महाग आहेत. तीन कारणं एकापुढे एक. बी२ला लागतं ते असं : निर्णय काय आणि आम्ही कोण, हे दोन वाक्यांत, आमची भूमिका एका वाक्यात, एक कारण आणि त्याला चिकटलेलं उदाहरण, दुसरं कारण, मग 'खर्च वाचवायचा आहे हे मान्य, पण' असा समोरच्याचा मुद्दा घेऊन त्याला उत्तर, आणि शेवटी नेमकी मागणी, उदाहरणार्थ आठवड्यातून दोन दिवस तरी आठपर्यंत उघडं ठेवा. समोरच्याचा मुद्दा मान्य करून परतवणं हा भाग बहुतेक उत्तरपत्रिकांत नसतोच.

एक वाक्य जवळून बघू. बी१ : 'से बिॲं पार्स क से प्रातीक', म्हणजे 'सोयीचं आहे म्हणून चांगलं आहे'. बी२ : 'सेर्त, से प्रातीक, आँकोर फोतिल क तू ल मोंद इ ए आक्से', म्हणजे 'सोयीचं आहे हे मान्य, पण आधी ते सगळ्यांच्या आवाक्यात तर असायला हवं'. शब्द अवघड नाहीत. 'सेर्त'ने मान्यता आली, 'आँकोर फोतिल क'ने अट आली आणि तिच्यामागून स्युबजोंक्तीफ स्वतःच्या कामासाठी आला. अशी दहा-बारा सांगाडा-वाक्यं तुमच्या हातात हवीत. जोडशब्द मात्र मिठासारखे भुरभुरवू नका. 'आँनेफे' म्हणजे आधी म्हटलं त्याला दुजोरा, 'आँफेत' म्हणजे 'खरं तर', आणि ते बहुधा आधीच्या समजाच्या विरुद्ध जातं. या दोघांची अदलाबदल केली की युक्तिवाद उलटा होतो. इंग्रजीच्या सावलीतले शब्दही तपासा : 'आक्त्युएलमाँ' म्हणजे सध्या, 'एव्हाँत्युएलमाँ' म्हणजे गरज पडली तर, 'आसिस्ते आ' म्हणजे हजर राहणं.

तासाची विभागणी : दहा मिनिटं आराखडा, पस्तीस लेखन, पंधरा तपासणी. तपासणी तीन फेऱ्यांत करा. एकदा फक्त लिंग-वचनाचा मेळ, एकदा फक्त क्रियापदं, एकदा शब्दसंख्या आणि अक्षरांवरच्या खुणा. सगळं एकदम तपासलं की काहीच सापडत नाही. दोन मोकळ्या जागांमधलं सगळं हा एक शब्द मोजला जातो. 'सेतादीर' ('म्हणजे') लिहिताना तीन जोडरेघा-अपॉस्ट्रॉफी पडल्या तरी तो एकच शब्द. औपचारिक पत्राचा 'ज व्हू प्री दाग्रेए'ने सुरू होणारा समारोप अक्षरशः पाठ करून ठेवा, परीक्षेत तो रचायला वेळ नसतो.

आता वेळापत्रक. ए२चे १८० आणि तुमचे १०५ धरले तर २८५ तास झाले. बी२साठी ६०० धरले तर ३१५ उरले. आठवड्याला नुसता तीन तासांचा वर्ग ठेवलात तर दोन वर्षं लागतील. आठ तास दिलेत तर चाळीस आठवडे. म्हणजे वर्षभराचं तुमचं गणित जमतं, पण जेमतेम, कारण वरचे आकडे वर्गातले आहेत आणि घरचा अभ्यास त्याशिवाय धरलेला असतो. आठ तास असे पाडा : वर्ग तीन, श्रुतलेखन दोन, बोलण्याचं ध्वनिमुद्रण एक, वाचन एक, लेखन एक. वाचनाचा तास कमी वाटेल, तुमचं ते बळ आहे म्हणून मुद्दाम कमी ठेवलाय. जे जमतं तेच करत राहण्याचा मोह सगळ्यांना होतो. तुम्हालाही होत असणार, गुणच सांगतायत. दर आठवड्याचं लेखन कुणाकडून तरी तपासून घ्या, नाहीतर तीच चूक चाळीस आठवडे पक्की होत जाते.

राहिला परीक्षेचा प्रश्न. डेल्फच्या पायऱ्या एकमेकींवर अवलंबून नाहीत. बी१चं प्रमाणपत्र नसलं तरी बी२ला बसता येतं. प्रमाणपत्र कायमचं असतं, त्याची मुदत संपत नाही. पण नापास झालात तर चारही भाग पुन्हा द्यावे लागतात, चांगले गुण पुढे नेता येत नाहीत. तुम्हाला हे प्रमाणपत्र एखाद्या संस्थेसाठी हवं असेल तर आधी तिला डेल्फच लागतं की टीसीएफ ही फ्रेंचची दुसरी परीक्षा चालते हे विचारा. टीसीएफमध्ये पास-नापास नसतं, तुमची पायरी कुठली ते गुणांवरून ठरतं, पण त्या निकालाची मुदत दोनच वर्षं.

आमचं मत असं : आज निर्णय घेऊ नका. वरच्या वेळापत्रकाच्या चौदाव्या आठवड्याच्या शेवटी डेल्फ बी१चा एक पूर्ण नमुना घड्याळ लावून सोडवा. परीक्षा तयार करणाऱ्या 'फ्राँस एद्युकासिओं अँतेर्नासिओनाल'च्या संकेतस्थळावर नमुने फुकट मिळतात. ऐकणं साधारण २५ मिनिटं, वाचन ४५, लेखन ४५, बोलणं पंधराएक मिनिटं. ध्वनिफीत मध्ये थांबवायची नाही, बोलण्याचे गुण शिक्षकांकडून घ्यायचे. ऐकण्यात १५ किंवा जास्त आणि बोलण्यात १४च्या पुढे आलात, तर बी१ची फी वाचवा आणि थेट बी२ची तयारी करा. ऐकण्यात ११-१२वर अडलात तर बी१ची परीक्षा द्या आणि बी२ चार महिने पुढे ढकला. बी२मध्ये काही ध्वनिफिती एकदाच ऐकवतात, आणि बोलण्यात अर्ध्या तासाच्या तयारीनंतर पाच-सात मिनिटं मांडणी करून परीक्षकाशी दहा मिनिटांहून जास्त वाद घालावा लागतो. परीक्षकाचा उलट प्रश्नच ऐकू आला नाही तर तयारी असूनही उत्तर देता येत नाही. नोंदणी परीक्षेच्या बरीच आधी बंद होते आणि तारखा प्रत्येक केंद्राच्या वेगळ्या असतात, तेव्हा नमुना सोडवाल त्याच आठवड्यात केंद्राकडून पुढच्या दोन सत्रांच्या तारखा घेऊन ठेवा.